यतीम ज्या घरात वाढतो

लोणंदच्या बाजारात कांद्याची आवक वाढली की सगळ्या गावाला एकच वास येतो. पुणे-मिरज मार्गावरच्या या स्टेशनात उतरलेल्या माणसाला गाव दिसण्याआधी तो वास भेटतो. आम्ही दोघी ज्या घरी गेलो, त्या घराच्या आतही तो होता. कारण त्या घरातील नानी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका वखारीत कांदा निवडायला जातात. सडका बाजूला, जोड कांदा बाजूला, मोठा वेगळ्या ढिगात. वयाची साठी कधीच उलटली आहे. गुडघे धरले आहेत, म्हणून पोत्याची घडी खाली घेऊन बसतात.

त्यांच्या मुलीची दोन मुले त्यांच्याजवळ आहेत. बाप चार वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेला, त्यानंतर दीड वर्षाने आई किडनीच्या आजाराने पुण्यात वारली. थोरली मुलगी नववीत आहे, धाकटा मुलगा पाचवीत. मुलीच्या वर्गशिक्षिकेने आम्हाला निरोप पाठवला होता की, ही मुलगी दहावीला बसेल असे वाटत नाही, तुम्ही एकदा घरी जाऊन या. एवढ्यासाठी आम्ही गेलो होतो. ही हकीगत आम्ही घरच्यांच्या परवानगीने लिहीत आहोत. नावे मात्र कोणाचीही देत नाही, कारण लोणंद काही फार मोठे नाही.

दोन खोल्यांचे पत्र्याचे घर. त्यात नानी, मामू, मुमानी, मामूची तीन मुले आणि ही दोन. मामू औद्योगिक वसाहतीत एका ठेकेदाराकडे कामाला आहेत. काम असेल त्या दिवशी हजेरी, नसेल त्या दिवशी काही नाही. आम्ही येणार म्हणून मुमानीने पाचही मुलांना हातपाय धुवून ओळीने बसवले होते. आमच्यापैकी एकीने चटकन विचारले, "खाला, यातली ती दोघं कुठली?" प्रश्न तोंडातून गेला आणि आम्हाला आमचीच लाज वाटली.

नानी म्हणाल्या, "पाचही माझीच आहेत बेटा."

पण मामूच्या सर्वांत धाकट्या मुलीने बोट दाखवले. "आपा आणि भाईजान यतीम आहेत," असे तिने आम्हाला सांगितले. तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हते. एखादे मूल "हा पाचवीत आहे" सांगते, तसे तिने सांगितले. घरात येणारे लोक हाच शब्द घेऊन येतात, तो तिने उचलला होता.

त्या मुलाने मान खाली घातली, आणि आम्ही निघेपर्यंत ती पुरती वर केली नाही.

रमजानमध्ये काय झाले ते मुमानीने सांगितले. शहरातून आलेल्या आणि गावातल्याही लोकांनी मिळून त्या एका मुलाला कुर्ता-पायजम्याचे चार जोड दिले. मामूचा मुलगा त्याच्याच वयाचा आहे, एकाच बाकावर बसतात. त्याला एकही मिळाला नाही, कारण त्याचा बाप जिवंत आहे. मामूने उधारीवर त्याला एक जोड घेतला. ईदच्या सकाळी पाहिले तर भाच्याने आपल्या चारपैकी सर्वांत चांगला जोड मामेभावाला घातलेला आणि स्वतः त्याचा उधारीचा घालून बसलेला. दुसऱ्या एका दिवशी धान्याची पाकिटे घेऊन काही मंडळी आली, त्यांना मुलासोबत फोटो हवा होता. मुलगा पाण्याच्या टाकीमागे जाऊन लपला. "किती हाका मारल्या, आलाच नाही. लोकांना वाटलं, पोरगं बेअदब आहे," मुमानी म्हणाली.

आम्ही हिशेब मांडला. मुलीचे अक्षर चांगले आहे, घरात कोणी काय दिले ते ती एका वहीत लिहून ठेवते. नानींनीच तिला तसे सांगितले आहे, "घेतलेलं विसरू नये." त्या वहीत रमजानचे शेवटचे दहा दिवस तीन पाने भरून आहेत. तांदूळ, तेल, खजूर, शेवया, कपडे, फितऱ्याचे पैसे. शव्वालचा चंद्र दिसतो आणि पुढची पाने कोरी होतात. जूनमध्ये वह्या-पुस्तके, गणवेश, बूट लागतात, तेव्हा कोणी नाही. पावसात पत्रा गळतो, तेव्हाही नाही. कोऱ्या पानांवर एकच नोंद दर महिन्याला आहे, ५ तारखेची. एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पाचशे रुपये आणून देतात. बसत नाहीत, चहा घेत नाहीत, मुलांना समोर बोलावत नाहीत. नानींच्या हातात देतात आणि जातात.

"त्या पाचशेचा मला भरवसा आहे," नानी म्हणाल्या. "त्यावर मी दुकानदाराला शब्द देऊ शकते."

वाचक भगिनींनो, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटली. गरीब घराला रक्कम किती येते यापेक्षा ती कधी येते हे जास्त कळते. एका आठवड्यात दहा हजार आले तर ते पत्र्यावरच्या पावसासारखे वाहून जातात. महिन्याला पाचशे येणार हे पक्के असेल, तर शिकवणी लावता येते.

आपल्या समाजात यतीमाविषयी आस्था नाही असे कोणी म्हणणार नाही. यतीमाच्या डोक्यावरून हात फिरवण्याचे पुण्य आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु आपल्या डोळ्यांसमोर यतीम येतो तो एकटा, भिंतीशी उभा, डोळ्यांत पाणी असलेला. खरा यतीम बहुतेक वेळा एकटा नसतो. तो कोणाच्या तरी घरात असतो, कोणाच्या तरी ताटातला घास खात असतो, आणि ते घर स्वतःच अडचणीत असते. आपली मदत मुलाला उचलून धरते आणि घराकडे पाहत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे बालपण आठवून पाहा. जन्माआधीच वडील अब्दुल्लाह वारले. सहाव्या वर्षी अबवा या ठिकाणी प्रवासात आई आमिना वारल्या, आणि उम्मे ऐमन यांनी त्या लहानग्याला मक्केला परत आणले. दोन वर्षे आजोबा अब्दुल मुत्तलिब यांनी सांभाळले, तेही गेले. मग चाचा अबू तालिब यांचे घर. अबू तालिब प्रतिष्ठित होते, पण श्रीमंत नव्हते. घरात खाणारी तोंडे पुष्कळ. प्रेषितांनी त्या वयात मक्केकरांच्या शेळ्या-मेंढ्या चारल्या, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे आपले प्रेषित यतीमखान्यात वाढले नाहीत. ते गरीब नातेवाइकाच्या भरल्या घरात वाढले, या लोणंदच्या मुलासारखे.

त्या घरात एक चाचीही होत्या, फातिमा बिन्ते असद. स्वतःच्या मुलांआधी त्या पुतण्याला वाढत, आणि त्या वारल्या तेव्हा प्रेषितांनी त्यांच्या कफनासाठी आपला सदरा दिला, असे सीरतच्या पुस्तकांत सांगितले जाते. आमची ही मुमानी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आमचे बोलणे ऐकत होती, तेव्हा आम्हाला त्यांची आठवण झाली. लोक नानीचे कौतुक करतात, मुलांना जवळ घेतात. आठ माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या मुमानीला कोणी शाबासकी दिल्याचे त्या वहीत तरी नोंदलेले नाही.

पुढे मक्केत दुष्काळ पडला आणि अबू तालिब यांची ओढाताण होऊ लागली. तेव्हा प्रेषित आपले दुसरे चाचा अब्बास यांच्याकडे गेले. दोघांनी मिळून अबू तालिब यांचा भार वाटून घेतला. हजरत अली प्रेषितांच्या घरी आले, हजरत जाफर अब्बास यांच्या घरी गेले. ज्या घराने यतीमाला वाढवले, त्या घराला यतीमाने मोठेपणी असा हातभार लावला. इथे मदत घराला झाली आहे, हे आम्हाला लक्षात घ्यावेसे वाटते.

कुरआनच्या सूरह बलदमध्ये उपासमारीच्या दिवशी अन्न देण्याचा उल्लेख आहे, आणि तिथे यतीमासोबत तो नात्यातला असण्याचाही उल्लेख येतो. प्रेषितांनी दोन बोटे जवळ आणून यतीमाचा सांभाळ करणाऱ्याला जन्नतमध्ये आपल्याजवळची जागा सांगितली, ती हदीस सर्वांना पाठ असते. सहीह मुस्लिममध्ये ती येते तेव्हा यतीम स्वतःचा नातलग असो की परका, दोन्हींसाठी येते. याचा अर्थ मामू-मुमानी रोज जे करत आहेत ते "घरचेच आहे, त्यात काय" म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

आणखी एक हदीस महिलांनी विशेष लक्षात ठेवावी. हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद यांच्या पत्नी जैनब हस्तकलेतून कमावत. नवरा गरीब, आणि सांभाळायला यतीम मुले. आपल्याच नवऱ्यावर व या मुलांवर खर्च केला तर तो सदका होईल का, हे विचारायला त्या प्रेषितांच्या दाराशी गेल्या, तर तिथे दुसरी एक अन्सारी बाई नेमका हाच प्रश्न घेऊन उभी होती. आत जाण्याचे दोघींना धैर्य होईना, म्हणून त्यांनी हजरत बिलाल यांच्यामार्फत विचारले. उत्तर आले की, दुहेरी पुण्य आहे, एक नाते जपण्याचे आणि एक सदक्याचे. चौदा शतकांपूर्वीच्या त्या दारातल्या दोघींचा प्रश्न अजून आपल्या घराघरांत आहे.

जकातीबद्दल बराच गोंधळ असतो, म्हणून इथेच सांगतो. नानी स्वतःची जकात नातवंडांना देऊ शकत नाहीत, कारण आई-बाप, आजी-आजोबा, मुले आणि नातवंडे यांना जकात चालत नाही. परंतु मामू, खाला, चाचा, फूफी हे भाचे-पुतण्यांना देऊ शकतात, ती गरजू असतील तर. नुसते यतीम असणे हा जकातीचा हक्क नव्हे. ज्या यतीमाच्या नावावर निसाबाइतकी मालमत्ता आहे, त्याला ती लागू होत नाही. आणि गरीब मामूलाही त्याच्या गरिबीमुळे जकात देता येते. आपले सगे बहीण-भाऊ पुण्या-मुंबईत बरे कमावत असतील, तर त्यांनी आधी इकडे पाहायला हवे. नानींची एक बहीण मुंबईत आहे, तिची मुले चांगल्या नोकरीत आहेत, आणि ती दर वर्षी दूरच्या एका संस्थेला जकात पाठवतात, पावती मिळते म्हणून. आम्ही काही बोललो नाही, नानीही बोलल्या नाहीत.

आता सरकारी मदतीचे पाहू. महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना नेमकी अशाच मुलांसाठी आहे. मुलाला संस्थेत न ठेवता कुटुंबातच वाढवता यावे, यासाठी १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत दरमहा रक्कम मिळते. पूर्वी ती ४२५ रुपये होती, मग १,१०० झाली, आणि २०२३ पासून मुलामागे २,२५० रुपये आहे. योजनेच्या नावातही आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाची दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे, त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांच्या आत असावे लागते. दोन्हींसाठी दार एकच, साताऱ्याचे जिल्हा महिला व बालविकास कार्यालय आणि तिथला बाल संरक्षण कक्ष. अर्जानंतर घराची पाहणी होते, बाल कल्याण समितीसमोर मूल आणि पालक हजर होतात, समिती आदेश देते.

या घराला यातले काहीच मिळत नव्हते. नानींना कोणी सांगितले नव्हते असेही नाही. अर्ज दोनदा सुरू झाला आणि दोनदा अडला.

पहिल्यांदा अडला तो आईच्या मृत्यूच्या दाखल्यावर. दाखला लोणंदला मागत राहिले, आणि मृत्यू पुण्याच्या दवाखान्यात झालेला. मृत्यूची नोंद माणूस जिथे राहतो तिथे होत नाही, जिथे वारतो तिथे होते. दाखला पुणे महापालिकेकडून आणायला हवा होता. हे कळायला सहा महिने गेले. दुसऱ्यांदा अडला तो आडनावावर. शाळेच्या रजिस्टरला "बागवान", बापाच्या मृत्यूच्या दाखल्यावर "बागबान", आणि आईच्या आधार कार्डावर माहेरचे "शेख". तीन कागदांवर तीन घराणी. ज्यांच्या घरी शिकलेले माणूस आहे त्यांना ही दुरुस्ती आठ दिवसांची वाटते. जिची हजेरी बुडली की संध्याकाळचे तेल येत नाही, तिला साताऱ्याच्या चार खेपा म्हणजे चार दिवसांची मजुरी आणि वर गाडीभाडे. शिवाय मुलांची नावे अजून बापाच्या जुन्या रेशन कार्डावर होती. तिथून कमी झाल्याशिवाय नानींच्या कार्डावर चढत नाहीत. आठ माणसांचे घर इतके दिवस सहा माणसांच्या धान्यावर चालले होते.

आमचे स्पष्ट मत आहे की, अशा घराला शेवयांच्या पाकिटापेक्षा कागदपत्रे जुळवून देणाऱ्या एका माणसाची गरज जास्त आहे. प्रत्येक जमातीत कोणी निवृत्त कारकून, कोणी महा ई-सेवा केंद्र चालवणारा तरुण, कोणी शिक्षिका असतेच. त्यांनी मशिदीच्या एका कोपऱ्यात आठवड्यातून एक तास बसावे. आम्ही हे लोणंदला सुचवले तेव्हा एकाने विचारले, "मशिदीत आधार कार्डाचं काम?" यतीमाचा हक्क मिळवून देण्याचे काम मशिदीत करायचे नाही, तर कुठे करायचे, हे त्यांनीच सांगावे.

एक कागद असा आहे, जो नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांना सहसा माहीतच नसतो. २०१८ मध्ये महाराष्ट्राने शिक्षण व नोकरीत अनाथांसाठी १ टक्का आरक्षण ठेवले. त्यामागे गोव्याच्या अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे या तरुणीचा पाठपुरावा होता. अनाथ म्हणजे संस्थेतला, ज्याचे कोणीच नाही असा, हीच समजूत सगळीकडे होती. २०२१ च्या शासन निर्णयाने संस्थेबाहेर, नातेवाइकांकडे वाढलेल्या आणि १८ वर्षांआधी आई-वडील दोघेही गमावलेल्या मुलांनाही यात घेतले. त्यासाठी महिला व बालविकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र लागते. मूल लहान असतानाच ते काढून ठेवावे. मोठे झाल्यावर पुरावे गोळा करत फिरणे कठीण जाते.

आता अवघड भाग. या मुलांचे ददियाल फलटणकडच्या एका गावात आहे. तिथे दादांचे घर आणि रस्त्याकडेची थोडी जागा होती. बाप आधी गेला, दादा गेल्या वर्षी गेले. दोन चाचा हयात आहेत. वाटणी झाली, आणि या दोन मुलांना काही आले नाही.

नानींना वाटत होते, चाचांनी लबाडी केली. लबाडी नव्हती. शरीअतच्या वारसा नियमाप्रमाणे आजोबांचे मुलगे हयात असतील, तर आधी वारलेल्या मुलाची मुले वारस ठरत नाहीत. फिकहच्या भाषेत ती महजूब होतात. पण नियम इथेच थांबत नाही, आणि आपल्याकडे नेमके इथेच थांबवले जाते. वारस नसलेल्यांसाठी मालमत्तेच्या एक तृतीयांशपर्यंत वसीयत करता येते. पोरक्या नातवंडांसाठी आजोबांच्या हातात हाच तर मार्ग आहे. हयातीत हिबा करून देता येते, त्याला एक तृतीयांशाचीही मर्यादा नाही. इजिप्तने १९४६ च्या कायद्याने अशा नातवंडांसाठी वसीयत बंधनकारकच मानली. पाकिस्तानने १९६१ मध्ये त्यांना वारलेल्या बापाचा हिस्सा देण्याची तरतूद केली, तिच्यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. भारतात असा कायदा नाही. इथे सर्व काही दादांच्या जागेपणावर अवलंबून आहे. जवान मुलाचे दफन करून आलेल्या बापाला त्याच महिन्यात वसीयतीचे सांगणे कठीण, हे आम्हाला समजते. पण कोणीतरी वर्षभरात सांगायला हवे होते. दादा तीन वर्षे जगले.

आणि वाटणीच्या वेळेसाठीही सूचना आहे. सूरह निसाच्या सुरुवातीलाच, वाटे ठरवून देणाऱ्या आयतींच्या आधी, वाटणीला हजर असलेल्या नातलगांना, यतीमांना व गरिबांना त्यातून काही द्यावे आणि त्यांच्याशी भले बोलावे, असे सांगितले आहे. या सूरहमधील यतीमांविषयीच्या आयती उहुदच्या लढाईनंतरच्या काळातील मानल्या जातात. त्या लढाईत सत्तर मुसलमान शहीद झाले होते. मदिना केवढे गाव? एका दिवसात इतकी घरे उघडी पडली, म्हणून यतीमांच्या मालाविषयी इतक्या बारकाईने सांगावे लागले.

फलटणकडची वाटणी झाली, तेव्हा ही दोन मुले तिथे हजर नव्हती. त्यांना कोणी बोलावलेच नव्हते.

नानींच्या पेटीत एका फडक्यात बांधलेल्या दोन पाटल्या आहेत, मुलीच्या आईच्या. नानींनी त्यांना हात लावलेला नाही. पत्रा बदलायला नाही, दवाखान्याची उधारी फेडायला नाही. "यतीमाचा माल म्हणजे पोटात आग," एवढेच त्यांनी ऐकले होते. गावातील इमामसाहेबांनी त्यांना शांतपणे समजावले. त्या पाटल्यांत त्यांचा स्वतःचाही सहावा हिस्सा आहे, मुलीची आई म्हणून. उरलेले मुलांचे, मुलाला दोन भाग, मुलीला एक. मुलांचा हिस्सा मुलांच्याच शिक्षणावर खर्च करणे म्हणजे खाणे नव्हे. सांभाळणारा संपन्न असेल तर त्याने यतीमाच्या मालातून काही घेऊ नये. गरीब असेल तर रीतीप्रमाणे घेऊ शकतो, ही सवलत कुरआनचीच आहे. मुले मोठी होऊन समजदार झाली की साक्षीदारांसमोर त्यांचे त्यांना द्यायचे. नानी ऐकून बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझा हिस्सा मला नको. पण तिची दहावीची फी त्यातून भरली तर चालेल ना?"

इथे कायद्याचे एक वाक्य. मामू किंवा चाचा सांभाळ करत असले, तरी न्यायालयाने पालक नेमल्याखेरीज अज्ञान मुलांच्या नावावरील घर-जमीन त्यांना विकता येत नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो.

मुलाला एका दूरच्या निवासी मदरशात पाठवावे, असा एका हितचिंतकाचा आग्रह होता. राहणे-खाणे फुकट, घराचा भार हलका. बोर्डिंगला आमचा विरोध नाही. आपल्या भागाला बोर्डिंगांचा मोठा वारसा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग काढून दिले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीत बसवले, आणि त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने मोडले. परंतु ती मुले शिकायला घराबाहेर पडली होती, घरात खायला जड झाली म्हणून नव्हे. या मुलाने बाप गमावला, आई गमावली. आता ज्या मामेभावाशी त्याने कुर्ता बदलला, तोही त्याच्यापासून काढून घ्यायचा का? आम्ही मुलालाच विचारले. त्याने उत्तर दिले नाही, उठून मामेभावाच्या पलीकडे जाऊन बसला.

मुलीचे संकट वेगळे. तिच्यासाठी स्थळ आले आहे. मुलगा ट्रकवर आहे, माणसे बरी आहेत, हुंडा नको म्हणतात. "माझ्या डोळ्यांदेखत एकीचं होऊन जाऊ दे," नानी म्हणतात. त्यांच्या भीतीला आम्ही हसू शकत नाही. उद्या गुडघ्यांनी पुरता दगा दिला तर? पण मुलगी पंधरा वर्षांची आहे. अठराच्या आत हे लग्न गुन्हा आहे, हे आम्ही सांगितले. आमच्या बोलण्यापेक्षा वर्गशिक्षिकेचा हिशेब नानींना जास्त पटला. मंजुरी मिळाली तर दोन मुलांचे महिन्याला साडेचार हजार. त्यात निवृत्त गृहस्थांचे पाचशे. हप्ते वेळेवर येतीलच असे नाही, पण ही मुलगी घरात आहे तोवर, अठरापर्यंत, तिच्या नावाने काहीतरी येत राहील. पोर भार वाटते ती घरात दाणा नसतो म्हणून. नानी म्हणाल्या, "बघू." स्थळाला नकार गेलेला नाही, होकारही गेलेला नाही. तूर्त तेवढे पुष्कळ आहे.

आम्ही दुसऱ्यांदा गेलो तो बाजाराचा दिवस होता. थोरले चाचा आले होते. वाटणीनंतर ते पहिल्यांदाच या घरी येत होते. इमामसाहेबांनी त्यांना फोन केला होता. ते दारातच बसले, आत यायला संकोचत होते. पुतण्याला जवळ घेताना त्यांचे डोळे भरून आले. वाईट माणूस नाही. जागेविषयी इमामसाहेबांनी विषय काढला, तेव्हा "भावाशी बोलतो" एवढेच म्हणाले. त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट होती, जी नानींच्या घरात कधीच मिळाली नसती, आणि तीच मागवून घेतली होती. बागवान बिरादरी ओबीसीत आहे. मुलांचा जातीचा दाखला बापाच्या बाजूच्या कागदांवरून निघतो, नानीच्या नव्हे. म्हणून ददियालशी अबोला धरणे अशा मुलांना महागात पडते. चाचांनी प्लास्टिकच्या पिशवीतून भावाचा शाळा सोडल्याचा दाखला काढला आणि तो पुतणीच्या हातात दिला.

मुलीने आधी बापाची जन्मतारीख वाचली. ती तिला ठाऊक नव्हती. मग तिने बोट खाली नेले. जातीच्या रकान्यात नुसते "मुसलमान" लिहिले होते.

"याच्यावर होणार नाही," ती म्हणाली. वर्गशिक्षिकेने तिला सांगून ठेवले होते. "दादांचा लागेल. १९६७ च्या आधीचा. त्याच्यात बागवान असेल तर."

चाचांनी विचार केला. दादा चौथीपर्यंत शिकले होते, पण गावात नव्हे, आजोळी. शाळा अजून आहे की नाही, हे त्यांना आठवत नव्हते. गावाचे नाव आठवले, ते त्यांनी खिशातल्या बाजाराच्या पावतीच्या मागे लिहायला सांगितले. मुलीने लिहिले, आणि खाली आपल्या वहीतही उतरवून घेतले.